डाव्या बुटातली चकती

चकती डाव्या बुटात होती. टाचेकडे सरकून बसलेली, काळी, कडेला जराशी खरवडलेली—आणि बूट घालायला वाकलेला ओरेस्ट तसाच वाकून राहिला, गुडघ्यात कळ येईपर्यंत. आइस हॉकीची एवढीशी रबराची चकती. आयुष्यात किती पाहिल्या असतील... लाखभर? लाखभर तरी, आणि त्यातल्या बहुतेक तोंडावर येताना. पण अशी बुटात गुपचूप बसलेली चकती त्याने एक्केचाळीस दिवसांत पाहिली नव्हती, आणि काही क्षण त्याला कळेचना की ही इथे काय करते आहे.

मग कळलं, आणि त्याने मान वळवून मागे पाहिलं. ड्रेसिंग रूममध्ये अजून कुणी आलेलं नव्हतं. एकच ट्यूबलाइट चालू होती, आणि वाळत घातलेल्या मोज्यांचा, ओल्या चामड्याचा तो वास... अठरा वर्षं, चौदा संघ, सगळीकडे हाच वास.

केल्सोची ही पद्धत. केल्सो म्हणजे कोच. सामन्याच्या दिवशी तो गोलकीपरांशी अक्षरही बोलत नाही, बोललं की त्यांचं डोकं बिघडतं असं त्याचं ठाम मत. सकाळी सहाला, कुणी यायच्या आत, तो येतो आणि संध्याकाळी ज्याला जाळीपुढे उभं करायचं त्याच्या बुटात एक चकती टाकून निघून जातो. गोलकीपर दोन, चकती एक. ज्याचा बूट रिकामा त्याने मुकाट्याने पाय घालायचा, आणि संध्याकाळी डोक्यावर टोपी चढवून बाकाच्या टोकाला बसायचं, खेळाडू आत-बाहेर करतील तसं दार उघडायचं, दार लावायचं. छत्तिसाव्या वर्षी ओरेस्ट मांझुक दार उघडण्यात मोठा तरबेज झाला होता. कडीचा आवाजसुद्धा येऊ द्यायचा नाही.

आणि आज हंगामातला शेवटचा सामना. संघ पुढच्या फेरीत नाहीच, त्याचा निकाल महिन्यापूर्वी लागला. उद्यापासून जो तो आपापल्या गावी. आज बूट रिकामा निघाला असता तर संपलं होतं. कुणी येऊन सांगितलं नसतं—असं कुणी सांगत नाही, फोन यायचे बंद होतात एवढंच—पण संपलं होतं. आणि शेवटचा सामना म्हणून जन्मभर मागे उरला असता तो एक्केचाळीस दिवसांपूर्वीचा: नऊ मिनिटांत चार गोल, चौथा तर मध्यरेषेपलीकडून कुणीतरी असाच ढकललेला, घरंगळत, अगदी सावकाश आलेला, आणि पायांच्या मधून... सगळ्या प्रेक्षकांना दिसला तो, एक मला सोडून. मग केल्सोचा वर झालेला हात, आणि जाळीपासून बाकापर्यंतचं ते चालणं. तो शेवटचा असू नये. बाकी काही मागणं नाही. हरलो तरी चालेल, पाच गोल खाल्ले तरी चालेल, पण माझा शेवटचा सामना तो असू नये.

त्याने चकती उचलून तळहातावर घेतली, थंडगार होती, आणि मान वर केली. प्रत्येकाचा एक लाकडी खण—खाली बसायला बाक, वर फळी, फळीवर पांढऱ्या चिकटपट्टीवर शाईने लिहिलेलं नाव. या फळीवर लिहिलं होतं: ट्रेपानिए.

ट्रेपानिए म्हणजे लुडो. दुसरा गोलकीपर. वय बावीस.

टप्... वर ताणलेल्या प्लास्टिकवर पाण्याचा थेंब पडला.

हे काल संध्याकाळचं. सगळे गेल्यावर लुडोच्या खणावरचा पाइप गळायला लागला. सामान सांभाळणारा आर्मास—सत्तरीचा, फिनिश आईबापांचा, दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा—बादली घेऊन आला, छताकडे पाहिलं, लुडोच्या कोऱ्या पॅडांकडे पाहिलं, मग ओरेस्टच्या पॅडांकडे. "पोराचे नवे आहेत, भिजले तर वाया जातील," तो म्हणाला. "तुझे काय..." वाक्य पुरं केलं नाही, करायची गरजही नव्हती. ओरेस्टनेच आधी हात लावला. दोघांनी मिळून लुडोचं सामान ओरेस्टच्या कोरड्या खणात नेलं, ओरेस्टचं या गळक्या खणात आणलं, वर प्लास्टिक ताणून बांधलं. दोरीला गाठ मारता मारता आर्मास काहीतरी पुटपुटत होता—प्लंबर, सोमवार, केल्सो, बादली—ओरेस्टचं लक्ष नव्हतं. आपले पॅड भिजले तरी चालतात हे त्याच्या डोक्यात जाऊन बसलं होतं, आणि गंमत म्हणजे त्याचा त्याला रागही आला नव्हता. नावांच्या पट्ट्या तेवढ्या बदलायच्या राहून गेल्या.

म्हणजे केल्सो सहाला आला, अर्धवट उजेडात नाव वाचलं, आणि लुडोच्या खणातल्या बुटात चकती टाकली. लुडोची चकती. माझ्या बुटात पडली एवढंच. आणि हे या घडीला जगात एकट्या मला ठाऊक आहे.

चार पावलांचं तर काम होतं. उठायचं, समोरच्या खणात जायचं, त्या नव्या बुटात चकती सोडायची, परत यायचं. मी उठलो नाही असं नाही. उठलो. पण तेवढ्यात बोळातून शीळ ऐकू आली आणि हाताने—हातानेच, मी नव्हे—चकती आपल्या डोक्यावरच्या फळीवर ठेवून दिली, ज्याची असते तो ठेवतो तशी, सगळ्यांना दिसेल अशी.

"काय आजोबा, म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही म्हणतात ते खरं तर!" लुडो आत आला. हे माझं सामान इथे कसं, म्हणाला, आणि पाइप गळतोय म्हणून, असं ओरेस्टने सांगितलं, तेव्हा मान हलवून बसला. बसता बसता त्याने डावा बूट उचलून जरा तिरका केला, बघतोय असं दाखवायचं नाही अशा बेताने, आणि खाली ठेवला. मग त्याची नजर फळीवर गेली. चेहरा पडेल असं ओरेस्टला वाटलं होतं. पडला असता तर बरं झालं असतं. तो फुलला. "अरे! आज तू? बोल की! शेवटच्या दिवशी का होईना, केल्सोला अक्कल आली म्हणायची!" आणि त्याने ओरेस्टच्या पाठीत असा गुद्दा घातला की बाक हलला. "घरी सांगितलंस?"

"सांगेन."

एक शब्द मी खोटा बोललो नाही. सांगेन, एवढंच तर म्हणालो.

सकाळच्या सरावाचा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही: संध्याकाळी उभा राहणारा गोलकीपर बर्फावरून पहिला उतरतो. दुसरा मागे राहतो, आणि ज्यांची आज संघात वर्णी लागलेली नाही त्यांचे फटके अंगावर घेत बसतो, बर्फ सारवणारं यंत्र येऊन भोंगा वाजवेपर्यंत. आज ओरेस्टला पहिलं उतरायचं होतं, केल्सोच्या डोळ्यांदेखत, आणि केल्सो तोंडात शिटी धरून मैदानाच्या मधोमध उभा होता. उतरलो की चोरी पुरी झाली... नाही उतरलो तर... लांबच्या जाळीपुढून लुडोने स्टिक उंचावून खूण केली, जा की. ओरेस्ट निघाला. केल्सोच्या अगदी बाजूने जावं लागतं, दुसरी वाट नाही. त्याने पाहिलं नाही, पण मानेला जाणवलं, केल्सो वळला आहे, बघतो आहे, आता हाक मारणार—मांझुक, कुठे चाललास? हाक आली नाही. आला तो ठोकण्याचा आवाज. कुणीतरी आपली स्टिक बर्फावर आपटली, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच, खड् खड् खड्... आजोबा आज उभा राहणार म्हणून ती पोरं मनापासून स्टिका आपटत होती, आणि त्या आवाजातून मान खाली घालून मी दारापर्यंत गेलो. मागे शिटी वाजली. "चला, पुढचं!" केल्सो ओरडला. बस्स.

चारचौघांत चूक कबूल करायची नाही म्हणून गप्प राहिला, ओरेस्टने स्वतःला समजावलं. दुपारी फोन करेल.

तो कपडे करून निघाला तेव्हा आर्मास शिडीवर चढून नावांच्या पट्ट्या बदलत होता. जुनी खरवडून काढली, नवी डकवली, शाईने लिहिलं, मांझुक, आणि अंगठ्याने दाबली. "आज उभा?" त्याने विचारलं. "हो," ओरेस्ट म्हणाला. "पॅड हीटरपाशी ठेवतो," आर्मास म्हणाला. पुरावाही गेला.

बाहेर मार्च संपत आला होता आणि थंडर बे गावाला अजून त्याची खबर नव्हती. तळं बंदरापासून पार क्षितिजापर्यंत गोठलेलं. रस्त्याकडेचं बर्फ काळं, घाणेरडं. बंदरावर धान्याच्या कोठारांचे ते प्रचंड मनोरे. या गावात सही करून तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याने बापाला फोन करून सांगितलं होतं, की तातो, तुम्ही तिकडे जन्मभर आगगाडीत धान्य भरून पाठवलंत ना, ते सगळं इथे येत होतं, मला खिडकीतून दिसतं. "बरं," म्हातारा म्हणाला होता. "आणि कोण उभं राहतंय?"

कारण बापाचं, मेट्रो मांझुकचं, फोनवर पहिलं वाक्य तेच. अठरा वर्षं. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. विचिटा, टोलीडो, स्लोव्हाकियातलं ते गाव, स्कॉटलंड—कुठूनही फोन करा, पलीकडून तेच. म्हातारा आता एक्याऐंशीचा, यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात, आणि तिथली नर्स प्रत्येक सामन्याला संगणकावर धावतं वर्णन लावून देते. एक्केचाळीस दिवस ओरेस्टने उत्तर दिलं होतं: दुसरा, तातो. तरी म्हातारा सबंध सामना ऐकायचा. कशासाठी, ते ओरेस्टने कधी विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

खोलीवर आल्या आल्या त्याने फोन लावला. लावायचा नव्हता. केल्सो काय म्हणतो ते कळेपर्यंत थांबायला हवं होतं, एवढी अक्कल होती त्याला. पण बोटं थांबेनात.

"कोण उभं राहतंय?"

"मी."

"कोण?"

"मी, तातो. मी उभा राहतोय आज."

"थांब." रिसीव्हर कुठेतरी आपटला, लांबून म्हाताऱ्याचा आवाज, कुणाला तरी सांगणारा, आज लवकर लावायचं, आवाज मोठा ठेवायचा... मग धापा टाकत परत. "तो शेजारचा बोहडान आहे ना, त्यालाही बोलावतो. मला म्हणतो, मेट्रो, तुझा मुलगा खेळत-बिळत नाही, तू उगाच कान लावून बसतोस. बसवतोच त्याला आज समोर."

"बसवा."

"गुडघे?"

"ठीक आहेत."

"खोटं बोलू नकोस."

"दुखतात," ओरेस्ट म्हणाला.

"हां. मग ठीक." म्हातारा फोन ठेवेल असं वाटलं, पण ठेवला नाही. "त्या दिवशीचा तो चौथा... तो वर्णन करणारा गाढव ओरडत होता नुसता. मी बोहडानला म्हटलं, दिवे आले असतील डोळ्यांवर."

"हो तातो. दिवेच."

"मी म्हटलंच होतं," मेट्रो म्हणाला, आणि मग ठेवला.

आता काही परत फिरवता येणार नव्हतं. आता केल्सोचा फोन आलाच तर पुन्हा यॉर्कटनला लावायचा, आणि म्हणायचं, तातो, बोहडानला नका बोलावू... त्याने फोन पालथा घालून ठेवला, मग सुलटा केला, मग पालथा. पाण्यात शेवया टाकल्या, कोंबडीचा तुकडा भाजला, आणि आश्चर्य म्हणजे सपाटून भूक लागली होती. दोनदा वाढून घेतलं. पडदे ओढून पलंगावर पडला तर झोप कसली येते! हाताला बारीक कंप होता. हा कंप त्याच्या ओळखीचा होता; शेवटचा कधी आला होता बरं... पंचविसाव्या वर्षी, जेव्हा मोठ्या संघाने अकरा दिवसांसाठी वर बोलावलं होतं, आणि अकरा दिवसांत चौदा मिनिटं उभं केलं होतं. त्यानंतर कितीतरी सामने खेळला, तीनशे की चारशे, पण हा कंप नाही. त्याआधीचा तर फार जुना—आठ वर्षांचा असताना, धान्याच्या कोठाराच्या बंद दारासमोर, तातोंनी फावडंभर बटाटे घेतलेले, गारठून दगड झालेले, आणि एकेक फेकून मारायचे, अडव, अडव, डोळे मिटू नकोस! आई आतून ओरडायची, आणि फुटलेल्या बटाट्यांच्या संध्याकाळी पेरोग्या, बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, व्हायच्या. डोळे मिटले नाहीत की तातो काही बोलायचे नाहीत. मिटले तरच बोलायचे. त्यामुळे मुलाला एवढंच कळायचं की ते गप्प आहेत म्हणजे चांगलं चाललंय.

चोरी केली आहे आपण, तो अंधारात स्वतःशी म्हणाला, जरा मोठ्याने. पोराची चकती चोरली. आणि मनाच्या तळाशी शरम शोधायला गेला तर शरम होती, नाही कशी, पण तिच्या बाजूलाच काहीतरी टणटणीत बसलेलं होतं, आणि त्याला नाव द्यायचं तर आनंद हेच द्यावं लागलं असतं. कितीतरी वर्षांत त्याने काही घेतलं नव्हतं. मिळेल ते गाव, मिळेल तो खण, मिळेल तो नंबर. आज पहिल्यांदा हात पुढे करून घेतलं. आपण अजून घेऊ शकतो, कुणाच्या तरी हातून हिसकून घेण्याजोगं काहीतरी अजून या जगात आपल्यासाठी आहे, हे त्याला नव्याने कळत होतं आणि छाती धडधडत होती. फोन वाजला नाही. चार वाजले, साडेचार वाजले, वाजला नाही.

पाचला तो बर्फाच्या रिंकवर पोहोचला तर लुडोने त्याचं सगळं मांडून ठेवलेलं. राखीव गोलकीपरने करायची ती कामं, जी ओरेस्ट एक्केचाळीस दिवस लुडोसाठी करत आला होता: पाण्याची बाटली भरलेली, दोन स्टिका दाराशी उभ्या, टॉवेल घडी करून. पॅड हीटरपाशी सुकून कडक झाले होते, ते त्याने हातांनी चोळून मऊ केले होते.

"हे कुणी सांगितलं तुला करायला?" ओरेस्ट म्हणाला.

"गप रे. तू करायचास तेव्हा मी विचारलं का?" लुडो टोपी घालून पाहत होता, पुढून, मागून. "कशी दिसते? तुझ्यासारखा रुबाब नाही येत बुवा." मग जवळ येऊन हळूच, "तुझे बाबा ऐकणार ना आज?"

"ऐकणार."

"मस्त," लुडो म्हणाला, आणि खरोखरच त्याला मस्त वाटत होतं. सबंध चेहऱ्यावर दिसत होतं. ओरेस्टने मान वळवली. चुलीत जावो. एवढं चांगलं असायची काय गरज होती या पोराला? जरा कुढला असता, जरा तोंड वाकडं केलं असतं, तर मी खुशाल गेलो असतो त्या बर्फावर... त्याने फळीवरची चकती उचलली आणि अर्धे पॅड चढवलेले तसाच, फताडे पाय टाकत, बोळातून केल्सोच्या खोलीकडे निघाला. तातोंचा विचार दारापाशी आला. बोहडान खुर्ची ओढून बसलेला. ओरेस्टने दार ढकललं.

केल्सो फोनकडे बघत सँडविच खात होता. अकरा वर्षांपूर्वी टोलीडोला दोघे एका संघात होते. केल्सो दोन वर्षांनी लहान. ओरेस्टने चकती टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"चुकीच्या बुटात पडली. काल पाइप गळला म्हणून लुडोचा आणि माझा खण बदलला, पट्ट्या तशाच राहिल्या. तू नाव बघून टाकलीस. ही त्याची आहे. मला सकाळीच माहीत होतं." एका दमात बोलून झालं, आणि तो थांबला.

केल्सोने घास गिळला. "आर्मासने सांगितलं की मला. काल फोन केला होता त्याने—पाइप, बादली, कुणाचं सामान कुठे. दहा मिनिटं बोलला, वर्षभराचं बोलणं उरकलं बिचाऱ्याने."

"म्हणजे..."

"म्हणजे काय म्हणजे? तुझ्या बुटात टाकायची होती, तुझ्या बुटात टाकली. तुझे ते पुराणातले बूट मला डोळे मिटूनसुद्धा ओळखू येतील."

"पण लुडो—"

केल्सोने उठून दार लावलं. "बाहेर बोलू नकोस, त्याला अजून माहीत नाही. सोमवारपासून वर बोलावलंय पोराला. मोठ्या संघात. काल त्यांचा निरोप आला, आज त्याला हात लावू नका, कुठे लागलं-बिगलं तर पंचाईत. आता तू नाही म्हणालास तर काय, आर्मासला बांधू पॅड?" तो हसला. वाईट हसला नाही, मित्र हसतो तसाच हसला. मग ओरेस्टच्या तोंडाकडे पाहून थांबला. "तू दिवसभर हे... अरे वेड्या. जा, तयार हो. आणि ती घेऊन जा. माझ्याकडे डबाभर आहेत."

बोळात परत येताना त्याला आठवलं. काल, दोरी बांधताना. केल्सोच्या कानावर घालतो, असं म्हणाला होता आर्मास, अगदी स्वच्छ. ऐकलं होतं मी. ऐकून कुठे ठेवलं होतं?... सकाळी तो बूट हातात असताना ते वर यायला हवं होतं, आणि वर आलं नाही. की मीच येऊ दिलं नाही? स्टिका आपटल्या त्या माझ्यासाठी होत्या, आणि मी मान खाली घालून गेलो. सबंध दिवस माझाच होता. पण मग ही गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं, आणि संपत नव्हती: माझा म्हणजे कसा माझा? पोराला लागू नये म्हणून. जिथे त्याला ठेवायला भीती वाटते तिथे मला ठेवायचं. पाइप गळतो त्याखाली माझे पॅड ठेवले, तसंच. चालतंय. भिजला तरी चालतंय.

चकती त्याने पुन्हा फळीवर ठेवली, कारण सकाळी ती सगळ्यांनी तिथे पाहिली होती. "झालं?" लुडोने विचारलं. "झालं," तो म्हणाला, आणि उरलेले पट्टे आवळले.

बर्फावर दिवे लख्ख होते. प्रेक्षागृह निम्मं रिकामं. त्याने जाळीपुढच्या निळ्या अर्धगोलात आडवे पाय घासत बर्फ खरवडलं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, गुळगुळीत बर्फावर पाय सटकतो म्हणून. मग डावा खांब ठोकला, उजवा खांब ठोकला. राष्ट्रगीत झालं. बाकाच्या टोकाला लुडो टोपी घालून कडीवर हात ठेवून बसला होता, आणि ओरेस्ट बघतोय असं दिसताच त्याने मूठ वर केली. यॉर्कटनला आत्ता आवाज मोठा केला असेल. बोहडानला गप्प बसवलं असेल. तातोंच्या मुलाचं नाव त्या यंत्रातून आलं असेल, पुरतं, आडनावासकट.

तेवढ्यासाठी तरी... हो, तेवढ्यासाठी तरी. त्याने मनाला बजावलं, आणि मनाने मान डोलवली, आणि काही हललं नाही. तो चौथा गोल आता शेवटचा उरणार नव्हता. जे मागितलं होतं ते मिळालं होतं, ज्याचं होतं त्यालाच, सरळ मार्गाने, आणि दुपारी अंधारात पडून राहिलेल्या त्या चोराचा त्याला हेवा वाटत होता. चोराचे हात कापत होते. याचे हात स्वस्थ होते, अगदी कोरडे. मास्कच्या जाळीतून त्याने पाहिलं: मधोमध चकती पडली, स्टिका खणखणल्या, निळ्या कपड्यातला एक जण ती घेऊन सुटला आणि थेट त्याच्याकडे यायला लागला. गुडघे आपोआप वाकले, दुखले. डोळे मिटू नकोस. डोळे उघडे होते, चकती दिसत होती, मोठी होत येत होती, आणि ती अडवावीशी वाटावी, दुपारी वाटत होतं त्याच्या निम्म्याने तरी वाटावं, म्हणून ओरेस्ट वाट बघत उभा होता.